उठलं की डोकं, पडलं की बरं

इंदूरच्या खजराना गणेशाचं मंदिर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. बुधवारी रस्त्यावरची वर्दळ रात्री उशिरापर्यंत घरात ऐकू येते. अशाच एका बुधवारी माझ्या मुलीची पाचवी होती. पाटा-वरवंटा पुजायला मांडला होता, सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. बाळाला मांडीवर घेऊन मी पाटावर बसले आणि दोन मिनिटांत मानेपासून कपाळापर्यंत असं डोकं उठलं की समईच्या एका ज्योतीच्या दोन दिसू लागल्या. बाळ सासूबाईंच्या हातात दिलं आणि तिथेच आडवी झाले. पडल्याबरोबर दुखणं ओसरलं.

बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवसापासून हेच चाललं होतं. दवाखान्यात सांगितलं, तर झोप कमी पडली असेल म्हणून पॅरासिटामॉल मिळाली. घरी सगळे म्हणाले, वारं लागलं. कानाला रुमाल, सुंठीचा लेप, ओव्याची धुरी, शेगडीचा शेक, सगळं मायेनं झालं. सासूबाईंनी रात्र रात्र जागून बाळ सांभाळलं. दोष त्यांचा नाही. उठून बसल्यावरच दुखतं आणि पडल्यावर थांबतं, ही खूण काय सांगते ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

बाळंतपणात कळा असह्य झाल्या तेव्हा मी एपिड्युरल, म्हणजे पाठीतून देतात ते कळा कमी करणारं औषध, घेतलं होतं. पाठीत सुई घालताना भूलतज्ज्ञ मध्येच थांबले, सुई काढली आणि वरच्या मणक्यांच्या फटीत पुन्हा घातली. मला ते जाणवलं, पण कुणी काही बोललं नाही. डिस्चार्जच्या कागदावर ‘नॉर्मल डिलिव्हरी’ एवढंच होतं.

एपिड्युरलचं औषध मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाच्या बाहेर सोडायचं असतं. सुई चुकून ते आवरण भेदून आत गेली, तर त्या भोकातून आतलं पाणी झिरपत राहतं. उभं राहिलं की मेंदूला त्या पाण्याचा आधार कमी पडतो आणि डोकं फुटायला येतं. मान आखडते, कानात गुणगुणतं, कधी एकाचे दोन दिसतात. ब्रिटनमध्ये गरोदर बायकांना जी माहिती देतात, त्यात एपिड्युरलनंतर असं तीव्र डोकं दुखण्याचं प्रमाण शंभरात एक सांगितलं आहे. म्हणजे हे काही जगावेगळं नाही. 1898 साली जर्मनीतल्या कील इथे ऑगस्ट बिअर या शल्यविशारदानं पाठीतल्या भुलेचा प्रयोग स्वतःवर करून घेतला. तोही पुढे काही दिवस अंथरुणाला खिळला होता, आणि पडलं की बरं, उठलं की डोकं, हेच त्यानं लिहून ठेवलं.

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी नवरा मला गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घालून दुसऱ्या रुग्णालयात घेऊन गेला. तिथल्या भूलतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “पडल्यावर थांबतं का?” आधी रक्तदाब मोजला, कारण बाळंतपणानंतर डोकं दुखण्यामागे वाढलेला रक्तदाबही असू शकतो आणि त्यातून झटके येऊ शकतात. मग ‘ब्लड पॅच’ केला. माझ्याच दंडातून वीसेक मिलिलीटर रक्त काढून ते पाठीत, त्या भोकाजवळ सोडलं. रक्त गोठतं आणि भोक बुजतं. पाठ जड झाली, दोन तास सरळ पडून राहिले. संध्याकाळी उठून बसले आणि मुलीला पहिल्यांदा नीट मांडीवर घेऊन पाजलं. सगळ्यांनाच एका वेळेत गुण येत नाही, काहींना पॅच पुन्हा करावा लागतो.

मी एपिड्युरलच्या विरोधात नाही. कळा सोसण्यात कसलाही मोठेपणा नाही, आणि ‘त्या इंजेक्शनानं जन्मभर पाठ दुखते’ ही समजूत अभ्यासांतून खरी ठरलेली नाही. पण घेण्याआधी रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा पूर्वी पाठीचं ऑपरेशन झालं असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आपण होऊन सांगा. सुईच्या जागी रक्त साकळून मज्जारज्जू दाबला जाणं किंवा पू होणं फार दुर्मीळ आहे. त्याच ब्रिटिश माहितीत पू होण्याचं प्रमाण पन्नास हजारांत एक, तर रक्त साकळण्याचं सुमारे एक लाख सत्तर हजारांत एक दिलं आहे. मात्र त्यात तासांचा हिशेब असतो. औषधाचा अंमल उतरायच्या वेळी पाय बधिरच राहिला किंवा उतरलेला बधिरपणा परत वाढू लागला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तापासोबत पाठीत ठणका लागला, तर सकाळची वाट पाहू नका. डोकेदुखी पडूनही थांबेनाशी झाली, झटका आला, बोलणं अडखळलं, तरीही तसंच. आवरणाला भोक पडलेलं दुर्लक्षित राहिलं, तर क्वचित मेंदूभोवती रक्तस्राव होतो.

बाळंतिणीच्या घरच्यांनो, ती बसताना डोकं धरत असेल तर तिला एवढंच विचारा, पडल्यावर थांबतं का? ‘हो’ म्हणाली तर रुमाल बांधण्याआधी भूलतज्ज्ञांना फोन करा. आणि एपिड्युरल दिल्याची, सुई आत गेली असल्यास त्याचीही नोंद, आणि रात्री-अपरात्री लागेल असा फोन नंबर डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.