आजार नाही, तर मग मानसोपचारतज्ज्ञाकडे कशाला?

प्रश्न : माझी धाकटी लेक सोळा वर्षांची, अकरावीला आहे. ‘मी मुलगा आहे,’ असं तिनं दिवाळीत सांगितलं. आमच्या कोल्हापुरात मुलीही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, त्यामुळे इतकी वर्षं माझं लक्षच गेलं नाही. आता कॉलेज नको म्हणते, रात्र-रात्र जागी असते. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला चिठ्ठी दिली, तर ती म्हणते, ‘हा आजार नाही, मग वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?’ मला उत्तर देता आलं नाही.
– एक आई

उत्तर : ताई, आजार नाही हे तुमच्या लेकराचं म्हणणं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग यांचा मेळ नसणं, हे त्यात मानसिक विकारांमधून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवलं आहे. यादीतून पूर्ण वगळलं नाही, कारण मग उपचार मिळणंच अवघड झालं असतं.

रात्रभर जागणं, कॉलेज टाळणं ही मात्र नैराश्याची लक्षणं असू शकतात. चिठ्ठी त्यासाठी आहे, असंच त्याला सांगा. इथे घरोघरी एक गल्लत होते. कुणी म्हणतं, आधी नैराश्य बरं करा, ते खूळ आपोआप जाईल. कुणाला वाटतं, शरीर बदललं की नैराश्य पळेल. दोन्ही चूक. एका प्रश्नासाठी दुसरा अडवून ठेवू नका. झोप आणि भूक सावरण्याचे उपचार आजच सुरू होऊ शकतात. ओळखीबद्दलचं बोलणं लेकराच्या चालीनं चालू द्या.

तुमच्या कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तिथे लिंग वा लैंगिकतेवरून भेदभाव करायला मनाई आहे. वय अठराच्या आत असल्यानं संमती तुमची लागेल. तरी पहिल्या भेटीत थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा, त्याला एकट्याला बोलू द्या. डॉक्टरांना आधीच विचारा, ‘अशी मुलं तुम्ही पाहिली आहेत का?’ ‘दोन महिन्यांत सरळ करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. असल्या ‘रूपांतर उपचारां’ना राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. मद्रास उच्च न्यायालयातल्या खटल्यातून ते घडलं. तक्रार राज्याच्या वैद्यक परिषदेकडे करता येते.

संप्रेरकांचं औषध घाईनं ठरवायचं नसतं, आणि नेटवरून मागवून तर कधीच घ्यायचं नसतं. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या २०२४ च्या अहवालानं किशोरवयातल्या अशा उपचारांमागचा पुरावा तोकडा असल्याचं म्हटलं. अनेक तज्ज्ञांना तो निष्कर्ष मान्य नाही. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ, अंतःस्रावतज्ज्ञ, तुम्ही आणि लेकरू यांनी सावकाश बसून बोलावं. शस्त्रक्रियेचा विषय अठरानंतरचा. पण रोजचे काच आजही कमी करता येतात. पाळीचा फार त्रास होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, त्यावर औषधं आहेत. छाती दिसू नये म्हणून ही मुलं क्रेप बँडेज घट्ट आवळतात. त्यानं बरगड्या दुखावतात, श्वास अडतो. त्याऐवजी नीट मापाची स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्या.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. ‘जगायचं नाही’ असं मनात येतं का, हे त्याला थेट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या, तोवर एकटं सोडू नका. शेती असेल तर फवारणीचं औषध आजच घराबाहेर कुलपात ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस मोफत चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं. तुम्हीही फोन करा, तो आयांसाठीसुद्धा आहे.

मी इथे ‘लेकरू’ लिहिलं. ‘तो’ म्हणायला जीभ वळत नसेल, तर काही दिवस तुम्हीही हाच शब्द वापरा. आणि संध्याकाळी दारातून ‘मी आलो’ ऐकू येईल, तेव्हा एकदा ‘आलास काय?’ म्हणून बघा.