संगणकालाही कोणीतरी सारखं ‘टीचर, टीचर’ करतं : इंटरप्टचा पाठ



संगणकाचे भाग शिकवताना सीपीयूला ‘संगणकाचा मेंदू’ म्हटलं की आपण मोकळे होतो. पण हा मेंदू एका कामात गुंतलेला असताना कीबोर्डचं बटण दाबलं गेलं, हे त्याला कळतं कसं? वर्गातलं एखादं मूल हे विचारतंच. त्याचं उत्तर आहे इंटरप्ट, म्हणजे व्यत्यय. आज तो पाठ घेऊ आणि त्याच्या पुढचा थोडा भागही. तो पाठ्यपुस्तकात नसतो, पण बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन करणाऱ्या आपल्या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे.

फळ्यावर भागाकार चालू आहे. मागून आवाज येतो, ‘टीचर, पाणी पिऊन येऊ?’ आपण खडू थांबवतो, कुठल्या आकड्यापर्यंत आलो ते लक्षात ठेवतो, मान हलवतो आणि परत फळ्याकडे वळतो. सीपीयू हेच करतो. चालू कामाची जागा आणि हातातले आकडे बाजूला लिहून ठेवतो, ज्याने हाक मारली त्या उपकरणाचं काम बघतो आणि मग होता तिथून पुढे चालू लागतो. हाकेला उत्तर देणारा हा छोटा प्रोग्राम ड्रायव्हरमध्ये असतो आणि ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात.

कीबोर्डच्या हाका परवडतात. माणूस टाइप करून करून किती करणार? नेटवर्क कार्डाचं तसं नाही. १ गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात लहान पॅकेट आली, तर सेकंदाला १४,८८,०९५ येऊ शकतात. प्रत्येकाने हाक मारली तर? मोगुल आणि रामकृष्णन या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये हेच दाखवून दिलं. हाका फार वाढल्या की संगणक नुसत्या हाकांना उत्तर देत बसतो आणि एकही काम शेवटाला जात नाही. बंद पडलेला नसतो, उलट प्रचंड धावपळीत असतो. याला त्यांनी ‘लाइव्हलॉक’ म्हटलं. माहिती भरायच्या शेवटच्या तारखेला ऑफिसात बसलेल्या कुठल्याही शिक्षकाला हे वेगळं समजावायला नको!

आता व्हर्च्युअल मशीन. क्यूआर कोड स्कॅन केला की आपला फोन ‘दीक्षा’कडे माहिती मागतो. अशा सेवा क्लाउडवर चालतात आणि क्लाउडवरचा सर्व्हर बहुतेक वेळा अख्खा संगणक नसतो. एका मोठ्या संगणकात अनेक भाडेकरू राहतात, त्यातला तो एक. भाडेकरूला गेस्ट म्हणतात, घरमालकाला होस्ट. लिनक्समध्ये हे घरमालकाचं काम केव्हीएम करतं, ते फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० या आवृत्तीत आलं.

इथे हाक महाग होते. मुलाने थेट टीचरला विचारायचं नाही, आधी मुख्याध्यापकांकडे जायचं, अशी शाळा कल्पून बघा. हाक आली की टीचरने वर्ग थांबवायचा, ताबा मुख्याध्यापकांकडे द्यायचा, त्यांनी बघायचं आणि निरोप देऊन टीचरला परत वर्गात पाठवायचं. या बाहेर पडण्याला ‘एक्झिट’ म्हणतात. जुन्या पद्धतीत तर ‘हाक ऐकली’ हे कळवायलाही आणखी एकदा बाहेर पडावं लागायचं.

हिशेब मुलांकडूनच करून घ्या. एका एक्झिटला सीपीयूचे २,००० ठोके लागतात असं धरू. १४,८८,०९५ गुणिले २,००० म्हणजे सुमारे २९७.६ कोटी. ३ गिगाहर्ट्झच्या सीपीयूकडे सेकंदाला ३०० कोटी ठोके असतात. सगळे दारात ये-जा करण्यातच गेले, काम अजून सुरूच झालं नाही.

मग ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी काय केलं? पहिला उपाय आमच्या कॅम्प ५ मधल्या पालकांना लगेच कळेल. जीन्सच्या कारखान्यात एकेक पीस शिवून झाला की कोणी उठून पुढच्या मशीनकडे देत नाही, बंडल बांधून देतात. तसंच कार्डही अमुक इतकी पॅकेट जमली किंवा ठरावीक मायक्रोसेकंद झाले की एकदाच हाक मारतं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. लिनक्समध्ये त्याचं नाव नापी. पहिल्या पॅकेटने बेल वाजवायची. मग ड्रायव्हर बेलच बंद करतो आणि स्वतः जाऊन रांग बघतो, एका खेपेला साधारण ६४ पर्यंत पॅकेट उचलतो. रांग संपली की बेल पुन्हा चालू. गर्दी असेल तर रांग, नसेल तर बेल. आकडा कोणी बाहेरून ठरवून द्यायला नको.

व्हर्च्युअल मशीनसाठी रस्टी रसेल यांनी आणलेल्या व्हर्टिओने हीच सोय दोन्ही बाजूंना दिली. २००८ मध्ये त्यांनी ती एका निबंधात मांडली. गेस्ट आणि होस्ट यांच्यात मेमरीचा एक सामायिक कप्पा असतो. त्यात गेस्ट लिहून ठेवतो, ‘सध्या मला हाक मारू नका’, आणि होस्टही तसंच सांगू शकतो. फक्त एक बारीक अडचण आहे. रांग रिकामी दिसली, बेल चालू केली, पण या दोन क्षणांच्या मधेच एक पॅकेट येऊन बसलं तर? त्याची बेल वाजणारच नाही आणि ते तसंच पडून राहील. म्हणून बेल चालू केल्यावर ड्रायव्हर रांग पुन्हा एकदा बघतो. वर्गाबाहेर ‘आत या’ची पाटी लावल्यावर पॅसेजमध्ये एकदा डोकावून मगच खुर्चीत बसावं, तसं.

आणि मुख्याध्यापकांना मधून काढूनच टाकलं तर? आयबीएम आणि इस्रायलच्या टेक्निऑनमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एली नावाची पद्धत मांडली. तिच्यात हाक थेट गेस्टपर्यंत जाते. खऱ्या संगणकाच्या ९७ ते १०० टक्के वेग त्यांना मिळाला. इंटेलच्या प्रोसेसरमध्येही नंतर अशी थेट निरोपाची सोय आली.

बंडलाला एक तोटा आहेच. पहिला पीस उरलेल्यांची वाट बघत पडून राहतो. मोठी फाइल उतरवताना हे चालतं, व्हिडिओ कॉलवर मात्र आवाज अडखळू शकतो.

वर्गात खेळून बघा. तुम्ही फळ्यावर गुणाकार सोडवत राहा आणि मुलं वह्या तपासायला आणतील. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपापली वही झाली की लगेच यायचं. दुसऱ्या फेरीत दहा वह्या जमल्या की मॉनिटरने आणायच्या. तिसऱ्यात पहिल्या वहीला घंटी, मग गठ्ठा संपेपर्यंत घंटी बंद. प्रत्येक फेरीत तुमचे किती गुणाकार झाले आणि सगळ्यात जास्त थांबलेली वही किती मिनिटं थांबली, हे दोन्ही आकडे मुलांनाच फळ्यावर लिहू द्या. नंतर दहाऐवजी वीस वह्यांनी तीच दुसरी फेरी पुन्हा घ्या.