ओंजळभर तांदूळ आणि चित्ताची प्रसन्नता



प्रसन्न चित्त हे साधकाचे लक्षण आहे, असे आपण वारंवार ऐकतो. परंतु घरातील मिळकत तुटली असता हा उपदेश पचनी पडत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराने कृष्णाकाठची शेते व घरे बुडविली. त्यातून लोक सावरतात तोच २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ऐन लग्नसराईच्या तोंडावर बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर या भागांतील माग थांबले. अशा घरी जाऊन ‘आनंदात राहा’ एवढेच सांगणे म्हणजे उपाशी माणसापुढे पक्वान्नांचे वर्णन करणे होय. म्हणून शरणांना प्रसन्नता कशात दिसली, ते नीट पाहू.

बाराव्या शतकात रायचूर भागातील अमरेश्वराहून आयदक्की मारय्या व लक्कम्मा हे शरण दांपत्य कल्याणास आले. आयदक्की म्हणजे वेचलेले तांदूळ. सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक आणि त्यातूनच त्यांचा दासोह. परंपरा सांगते की, एकदा ते शरणांच्या चर्चेत रमून गेले. लक्कम्मांनी कायकाची आठवण करून दिली, तेव्हा ते लगबगीने गेले आणि नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी ते पाहिले व जास्तीचे तांदूळ जिथले तिथे टाकून येण्यास सांगितले.

या प्रसंगातून तीन गोष्टी शिकावयाच्या आहेत.

पहिली, कायकाची लाज नसावी. तांदूळ वेचणारा हा शरण अनुभव मंटपात मानाने बसला. पतिपत्नी दोघांचीही वचने आज आपण वाचतो. माग बंद पडला म्हणून कोणी भाजीची गाडी लावली, तर त्याचे शरणत्व उणे होत नाही. पैशाच्या तुटीइतकेच ‘लोक काय म्हणतील’ हे ओझेही मनाला खचविते. ते मात्र आपल्याला उतरविता येते.

दुसरी, घरात मोकळे बोलणे असावे. मारय्यांनी आणलेले लक्कम्मांपासून लपले नाही आणि लक्कम्मांनी मनातले दाबून ठेवले नाही. पुष्कळ घरांत कर्ज पत्नीला ठाऊक नसते आणि पतीला मुलांच्या फीची तारीख ठाऊक नसते. लपविलेला आकडा रात्री झोप येऊ देत नाही. दोघांनी मिळून मांडलेला हिशेब तुटीचा असला तरी धीर देतो. येथे बचतीचा निषेध नाही. आजारपणासाठी चार पैसे बाजूला ठेवणे हा विवेक. पुरेसे असूनही मन न भरणे ही हाव.

तिसरी, थोड्यातूनही दासोह करावा. जो मूठभर का होईना दुसऱ्याला देतो, तो स्वतःच्या दृष्टीने दीन राहत नाही. आणि आपल्यावर वेळ आली तर घेण्यातही संकोच नको. देणारा व घेणारा दोघेही प्रसादाचेच धनी.

एक सावधगिरी मात्र हवी. लक्कम्मांनी मर्यादा घातली ती स्वतःच्या घराला. ज्याचे कोठार भरलेले आहे, त्याने ही कथा आपल्या मजुराला सांगू नये. त्याने स्वतःला विचारावे : मजुरी वेळेवर दिली का? अडलेल्याकडून जादा व्याज घेतले का? त्याच्या घरातील जास्तीचे तांदूळ तेच आहेत. कष्टकऱ्याने हक्काचे मागणे म्हणजे असमाधान नव्हे.

या महिन्याचा अभ्यास एवढाच. रोज सायंकाळी इष्टलिंगपूजेनंतर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. आज काय मिळाले, काय खर्चले आणि कोणाला काय देता आले, हे सांगावे. दुःख असेल तर तेही सांगावे. चिंता एका दिवसात जाणार नाही; पण ती वाटून घेतलेल्या घरात मुलांचे हसू पुन्हा ऐकू येईल. ती प्रसन्नता खोटी नव्हे.

इति शुभाशीर्वाद.