वारसा, मृत्युपत्र आणि सातबारा

घरातील कर्ता माणूस गेला की पहिले तेरा दिवस दुःखात आणि पाहुण्यांच्या वर्दळीत निघून जातात. चौदाव्या दिवसापासून कागदांचे प्रश्न उभे राहतात. सोसायटीचे कर्ज कोणाच्या नावे वर्ग करायचे, बँकेतील ठेव कोणी काढायची, पीक विम्याची रक्कम कोणाच्या खात्यावर जमा व्हायची आणि या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न म्हणजे सातबारावर नाव कोणाचे लागायचे. अशा वेळी गावात वकील नसतो. सल्ला विचारला जातो तो गुरुजींना, ग्रामपंचायतीच्या सदस्यांना किंवा गावी आलेल्या एखाद्या सरकारी नोकराला. त्यांनी दिलेला चुकीचा सल्ला पुढे दोन पिढ्यांना न्यायालयाची पायरी चढायला लावू शकतो. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक दौऱ्यावर असताना एका खेड्यातील शाळेत सभा झाली. सभा संपल्यावर एक वृद्ध बाई पुढे आल्या. त्यांच्या हातात कापडात गुंडाळलेला सातबाराचा उतारा होता. पतीच्या निधनाला एकोणीस वर्षे लोटली होती, पण उताऱ्यावर नाव अद्याप पतीचेच होते. नाव का लावून घेतले नाही असे विचारता त्या म्हणाल्या, “साहेब, मालक उताऱ्यावर तरी हायेत. ते पुसून माझं कशाला लावू?” या उत्तरावर बोलण्यासारखे काही नव्हते. मात्र दरम्यान त्यांचा मधला मुलगा वारला होता, त्याची विधवा पत्नी दोन लेकरांसह माहेरी राहात होती आणि उरलेले दोघे भाऊ ‘तिचा आता काय संबंध’ असे म्हणत होते. मालकांचे नाव उताऱ्यावर राहिल्याने आजींचे काही बिघडले नव्हते. बिघडत होते ते त्या सुनेचे.

वास्तविक त्या सुनेचा संबंध कायद्याने पक्का बांधलेला आहे. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाची मालमत्ता प्रथम वर्ग एकच्या वारसांकडे जाते. त्यांत मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि आई यांचा प्रत्येकी एक समान हिस्सा असतो. वडील या वर्गात नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बापाच्या आधी मुलगा वारला असेल तर त्याची विधवा आणि मुले मिळून त्या मुलाचा एक हिस्सा घेतात. त्या आजींच्या बाबतीत तर मुलगा बापाच्या मागून वारला होता. म्हणजे बापाच्या मृत्यूच्या क्षणीच त्याचा हिस्सा त्याला मिळालेला होता आणि त्याच्या पश्चात तो त्याच्या पत्नीला, मुलांना आणि आईला समान वाट्याने मिळाला. सून माहेरी राहते की सासरी, याचा या हिशेबाशी काही संबंध नाही. तिने पुढे पुनर्विवाह केला असता तरी एकदा मिळालेला वाटा परत जात नाही.

लेकीचा वाटा

वडिलार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचा हिशेब थोडा निराळा आहे. तो समजून घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली निकालात काढलेले गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम हे प्रकरण उत्तम आहे. निकाल लिहिला होता तेव्हाचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. खंडाप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. पत्नीने आपल्या हिश्शासाठी दावा लावला. न्यायालयाने प्रथम असे मानले की, मृत्यूच्या अगोदर क्षणभर घरात वाटणी झाली. ती वाटणी पती, पत्नी आणि दोन मुलगे अशा चौघांत, म्हणून प्रत्येकी पाव. त्यानंतर मृताचा जो पाव हिस्सा, तो पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली अशा सहा वारसांत समान वाटला. हिशेबाच्या सोयीसाठी जमीन चोवीस एकर धरू. पत्नीला सात एकर, प्रत्येक मुलाला सात एकर आणि प्रत्येक मुलीला एक एकर.

एक एकर! बापाच्या वारसात मुलगी भावाच्या बरोबरीची, पण घराच्या सहदायकीत तिला जागाच नाही, अशी ही रचना होती. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अंमलात आणलेल्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच सहदायक केले. परंतु त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या गेल्या. पुढे केंद्र शासनाच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने हा विवाहित-अविवाहित भेद नाहीसा झाला. त्यावेळी वडील हयात असणे आवश्यक होते काय, यावर अनेक वर्षे परस्परविरोधी निकाल येत राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो वाद मिटविला. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते हा प्रश्न गैरलागू आहे. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने अथवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्या यामुळे मोडत नाहीत.

आता तेच मगदुमांचे घर आजच्या कायद्यात बसवून पाहू. काल्पनिक वाटणी वडील, आई, दोन मुलगे व तीन मुली अशा सात जणांत होईल आणि वडिलांचा सातवा हिस्सा सहा वारसांत जाईल. गणित केले तर प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर सहावा भाग येतो. चोवीस एकरांत आईला चार, प्रत्येक मुलाला चार आणि प्रत्येक मुलीलाही चार.

कायद्याने चौपट झालेला हा वाटा प्रत्यक्षात लेकीच्या हाती किती पोहोचतो हा प्रश्न वेगळा. पूर्वी अनेक ठिकाणी मुलींची नावे सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घालण्याचा प्रघात होता आणि थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’ अर्थात एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून वर येत असे. धाकटे भाऊ आणि बहिणी कागदावरून दिसेनाशा होत. अशी जुनी नोंद असली म्हणून त्यांचा हक्क गेलेला नसतो, कारण महसुली नोंद मालकी निर्माण करीत नाही आणि नष्टही करीत नाही.

हक्कसोडीबाबतही स्पष्ट बोलले पाहिजे. बहिणीने भावासाठी स्वखुशीने हक्क सोडण्यास कायद्याची आडकाठी नाही. पण स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असावे लागते. चावडीत दिलेला जबाब किंवा साध्या कागदावरची सही पुरेशी नाही. राखी पौर्णिमेला माहेरी आलेल्या बहिणीची सही ‘कर्जासाठी लागते’ असे सांगून घेतल्याची उदाहरणे सर्वांच्या ऐकिवात आहेत. पंच म्हणून सही करणाऱ्या सदस्याने निदान एवढे तरी विचारावे की, कागद बाईंना वाचून दाखविला आहे काय.

नोंद कशी होते

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीकडे करून दाखला घ्यावा. पुढील सर्व कामांचा पाया हाच कागद आहे. वारसाने जमिनीवर हक्क संपादन केल्याची खबर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार तीन महिन्यांत तलाठ्यास द्यावयाची असते (तलाठ्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे आहे). अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे, नाते व पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र जोडावे. ई-हक्क प्रणालीतून हा अर्ज ऑनलाइनही करता येतो. नोंद प्रथम गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत होते आणि चौकशीअंती वारस ठरल्यावर नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो. हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

येथे सर्वांत मोठा दोष वारसाचे नाव वगळण्याचा. प्रतिज्ञापत्र लिहिताना बहीण ‘विसरली’ जाते. गावातील कोणाची लेक कोठे दिली आहे हे ग्रामपंचायत सदस्यास बहुधा ठाऊक असते. चौकशीच्या वेळी त्याने तोंड उघडले तर पुढची वीस वर्षांची भांडणे वाचतात. अल्पवयीन मुलांची नावेही पालनकर्त्यासह लागली पाहिजेत. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत घरावर नाव लागले म्हणजे घर आपले झाले, हाही गैरसमज आहे. ती नोंद कर वसुलीसाठी असते.

मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली, ती अशा पिढ्यान्‌पिढ्या रखडलेल्या नोंदींमुळेच.

ठेवी व रोख्यांबाबत दोन शब्द. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. ती रक्कम स्वीकारते आणि वारसांच्या वतीने सांभाळते, असे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८३ साली व शेअर्सच्या बाबतीत २०२३ साली सांगितले आहे. विम्यापुरता २०१५ साली कायदा बदलला असून पती-पत्नी, आईवडील वा मुले यांना नामनिर्देशित केले असेल तर तेच लाभधारक मानले जातात. नामनिर्देशन नसेल तर दिवाणी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. सरपंचांचा दाखला त्याची जागा घेत नाही. कर्जाची जबाबदारी वारसांवर येते ती मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच, अर्थात ते स्वतः जामीन राहिले नसतील तर.

मृत्युपत्र

मृत्युपत्राचे नाव काढले की घरात कुजबुज सुरू होते, जणू ते लिहिल्याने मरण जवळ येते. वस्तुतः हा अत्यंत साधा दस्त आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेली, मन ठिकाणावर असलेली कोणतीही व्यक्ती तो करू शकते. त्यास मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. भाषाही कोणतीही चालेल, फक्त कोणती मालमत्ता कोणाला हे निःसंदिग्ध हवे. करणाऱ्याने सही अथवा अंगठा दोन साक्षीदारांसमक्ष करावा व साक्षीदारांनी त्याच्या समक्ष सह्या कराव्यात. एवढे झाले की दस्त पुरा. हयातीत तो कितीही वेळा बदलता किंवा रद्द करता येतो.

साक्षीदार निवडताना मात्र विचार करावा. मृत्युपत्र न्यायालयात शाबीत करावयाचे झाल्यास निदान एक साक्षीदार, हयात असेल तर, उभा करावा लागतो. म्हणून ते वयाने तरुण, गावातच राहणारे आणि लाभ न मिळणारे असावेत. ज्याला लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र लिहून घेण्यात पुढाकार घेतला असेल, सही थरथरती असेल, निकटचे वारस कारणाशिवाय वगळलेले असतील तर न्यायालय संशयाने पाहते. हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली व्यंकटाचल अय्यंगार प्रकरणात घालून दिले आहे. एखाद्या मुलास वगळायचेच असेल तर त्याचे कारण दोन ओळींत लिहावे. वृद्धापकाळी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडणे हिताचे.

मृत्युपत्राने देता येतो तो आपलाच हिस्सा. संपूर्ण वडिलार्जित जमीन एका मुलाच्या नावे लिहून ठेवणारे वडील अनेक आहेत. त्यांच्या पश्चात त्या कागदाचा अंमल त्यांच्या स्वतःच्या हिश्शापुरताच होतो. मुस्लिम कायद्यात अंत्यविधीचा खर्च व कर्ज वजा जाता एक तृतीयांशापेक्षा अधिक मालमत्ता इतर वारसांच्या संमतीखेरीज देता येत नाही. गोव्यात मुलाबाळांचा अर्धा वाटा कायद्यानेच राखून ठेवलेला आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम अनुसूचित जमातींना, केंद्र शासनाने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू नाही. आदिवासी भागातील शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.

नोकरी करणाऱ्या भगिनींनी एका तरतुदीकडे अवश्य लक्ष द्यावे. पती व मुले हयात नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. आयुष्यभर लेकीने सांभाळलेली आई मागे राहते आणि घर मात्र दिरांकडे जाते. कायद्याचा हा क्रम पटत नसेल तर त्यावर मृत्युपत्राचा एक कागद पुरेसा आहे.

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. तथापि दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेला दस्त हरवला तरी त्याची प्रत मिळू शकते. ज्यांना मजकूर गुप्त ठेवायचा असेल त्यांना तो मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून ठेवता येतो. मृत्यूनंतर अर्ज केल्यावर तो उघडला जातो. तो तेथे ठेवला आहे, ही गोष्ट मात्र घरातील एका तरी माणसाला सांगून ठेवलेली असावी.