जुन्या खुर्चीचा गिलाफ : मापात चोख, व्यवहारात साफ

जुनी सोफा-खुर्ची टाकून नवी घेणे प्रत्येकाला परवडत नाही. पुष्कळदा लाकूड मजबूत असते, फक्त कापड विटलेले असते. अशा खुर्चीला काढता-घालता येणारा गिलाफ शिवून देणे हा शिलाई मशीन असलेल्या कारागिरासाठी चांगला जोडधंदा आहे. घरी काम करणाऱ्या भगिनींनाही तो जमण्यासारखा आहे.

कापड : सुती कापड धुतल्यावर आटते. आधी २० इंच चौरस तुकडा कापून धुवावा, इस्त्री करून मोजावा. १९ इंच भरला तर कापड शेकडा ५ आटते असे समजावे. म्हणून सर्व कापड पाण्यातून काढूनच बेतावे. नाहीतर पहिल्या धुण्यानंतर गिलाफ खुर्चीवर चढत नाही.

माप : पाठ पुढून व मागून, बैठक, हात आतून व बाहेरून, पुढची पट्टी असे प्रत्येक अंग वेगळे मोजावे. शिलाईसाठी सर्व बाजूंनी पाऊण इंच सोडावे. पाठ आणि बैठक जेथे मिळतात तेथे ४ इंच कापड जादा ठेवून ते फटीत खोचावे. हे न ठेवल्यास माणूस बसताच गिलाफ ताणला जाऊन टाके उसवतात.

पन्हा : पाठ २४ इंच रुंद असेल तर शिलाईसह साडेपंचवीस इंच लागतात. ५४ इंच पन्ह्यात असे दोन तुकडे शेजारी बसतात, ४८ इंचात बसत नाहीत. अशा वेळी कमी पन्ह्याचे स्वस्त कापड अखेर महाग पडते.

शिलाई : आधी मांजरपाटाचा नमुना खुर्चीवर टाचण्यांनी बसवून खडूने खुणा कराव्यात. जुनी खुर्ची दोन्ही बाजूंनी क्वचितच सारखी असते, म्हणून डावा-उजवा लिहून ठेवावा. प्रथम पाठ बैठकीला जोडावी, नंतर हात, मग पुढची पट्टी आणि शेवटी मागचा भाग. मागे एका कोपऱ्यात चेन किंवा नाड्या लावाव्यात. साध्या कापडाला १६ नंबरची, जाड कापडाला १८ नंबरची सुई वापरावी.

आता व्यवहाराची बाब. उरलेले कापड ही गिऱ्हाइकाची अमानत आहे. ते न मागता परत करावे. खुर्चीचे पट्टे ढिले किंवा पाय कीड लागलेला असेल तर काम घेण्यापूर्वीच सांगावे. जे बंधू जुन्या खुर्च्या घेऊन, गिलाफ चढवून विकतात त्यांनी तर अधिक जपावे. बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे व्यापाऱ्याला विचारले होते. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. गिलाफ शोभेसाठी आणि टिकाऊपणासाठी असावा, दोष झाकण्यासाठी नव्हे. विकताना तो काढून खुर्ची दाखवावी. थोडी किंमत कमी येईल, पण गिऱ्हाईक पुन्हा येईल आणि कमाईत बरकत राहील.