रक्तातलं आणि कोठीतलं

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी आणि सालेकसा या तालुक्यांतल्या मुलींच्या वसतिगृहांत मी 22 वर्षं अधीक्षिका होते. बहुतेक मुली गोंड, काही हलबा, काही कवर. ‘आदिवासी पोरी अशाच बारीक, रक्तच कमी असतं त्यांच्यात,’ हे वाक्य मी पाहुण्यांकडून ऐकलं, सहकाऱ्यांकडून ऐकलं, आणि सुरुवातीची काही वर्षं खरंही मानलं. ते मनातून कसं गेलं, ते लिहिते आहे.

1. वजनाच्या वहीत घरची परिस्थितीही लिहावी.

एकाच गावच्या, एकाच जमातीच्या दोन मुली उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परत आल्या. एकीच्या घरी धानाच्या दोन एकर बांध्या आणि शेजारी पाण्याची बोडी. दुसरीच्या घरी स्वतःची जमीन नाही. पहिलीचं वजन वाढलेलं, दुसरीचं उतरलेलं. दुसरी मे महिनाभर आईबरोबर पहाटे तेंदूपत्ता तोडायला जात होती आणि दुपारी 70-70 पानांची पुडकी बांधत होती. जमात एक, वय एक, शाळेतलं ताटही एक. फरक घरच्या कोठीत होता. त्यानंतर मी वजनाशेजारी एक रकाना आखला: जमीन किती, कोठीतला धान कोणत्या महिन्यापर्यंत पुरतो, दिवाळीनंतर घरचे मिरची तोडायला बाहेर जातात का. दोन वर्षांत तो रकाना मला वजनकाट्यापेक्षा जास्त सांगू लागला. रोवणी आटोपल्यापासून नवा धान हाती येईपर्यंतचे दिवस सगळ्यांत कठीण. त्या दिवसांत पोळ्यासाठी घरी जाऊन आलेल्या मुलीला मी विचारायची, भाजी कसली होती? तरोटा, वास्ते, अशी रानातली नावं यायची. डाळीचं नाव क्वचितच यायचं.

2. थकलेल्या मुलीला आळशी म्हणू नये.

हे मी एका मुलीला म्हटलं आहे, आणि ते मला अजून बोचतं. आठवीतली मुलगी. झाडलोटीला उठायची नाही, सांधे दुखतात म्हणायची. माघ पौर्णिमेला घरच्यांबरोबर कचारगडच्या यात्रेला गेली. रात्रीची थंडी, डोंगराची चढण, दिवसभरात घोटभर पाणी. परत आली ती कण्हतच. हातपाय धरून रडत होती आणि डोळे पिवळे दिसत होते. गोंदियाला नेलं, रक्त तपासलं, सिकलसेल निघाला. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी, ताप, अतिश्रम आणि कमी पाणी यांनी वेदनेची कळ उठते. यात्रेत यातल्या तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या.

आजार तिच्या रक्तातलाच होता, हे खरं. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशा बाळाची असते. पण हाच आजार असलेली नोकरदार घरातली एक मुलगीही मला माहीत होती. तिला थंडीत स्वेटर होता, दप्तरात पाण्याची बाटली होती आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना होता. माझ्या वसतिगृहातल्या मुलीच्या घरी कळ उठली तरी रोवणीचा चिखल चुकत नव्हता.

3. फुकट औषधालाही पैसे लागतात.

त्या आठवीतल्या मुलीला सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या सरकारी दवाखान्यात मिळतात, पण त्यांच्यावर असताना ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. दोन खेपांनंतर वडील येईनात. मी रागावून घरी गेले, तेव्हा म्हणाले, “बाई, दवाई फुकटच हाय. पन जानं-येनं फुकट नाही ना. मी गेलो का त्या दिवसाची रोजी बुडते.” तिकीट, दोघांचं जेवण आणि बुडालेली मजुरी हे सगळं मिळून त्या गोळ्यांची किंमत होती. मला कोणी विचारलं, तर तपासणी गावाजवळ आणा, एवढंच मागेन. 1 जुलै 2023 ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तपासणी आता पुष्कळ होते, याचं मला मनापासून समाधान आहे. तपासणीनंतरची दर महिन्याची वाट मात्र त्या बापालाच चालायची असते.

4. गोळीआधी घास.

दर आठवड्याची लोहाची निळी गोळी मुली न्हाणीघरामागे फेकून द्यायच्या. मी शिक्षा केली, काही उपयोग झाला नाही. शेवटी आमच्या कामाठी बाईंनी मुलींशी गोंडीत बोलून कारण काढलं: उपाशीपोटी मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून भीती वाटते. गोळी रात्रीच्या जेवणानंतर देऊ लागलो, काळं का होतं ते सांगितलं, आणि फेकणं जवळजवळ थांबलं. सिकलसेलच्या मुलीला मात्र लोह डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही, हेही तेव्हाच शिकले.

5. थोरल्या मुलीचं ताट पाहावं.

आई रोवणीला गेली की तेरा वर्षांची मुलगी घरची आई होते. धाकट्यांना वाढून उरलं तर तिचं.

6. रक्ताचा कागद चारचौघांत वाचू नये.

सिकलसेल तपासणीच्या एका शिबिरात मुलींची नावं आणि निकाल मोठ्याने वाचले गेले. पैसेवाल्या घरची मुलगी शहरात तपासून येते, कागद कपाटात राहतो. इथे संध्याकाळपर्यंत दोन गावांना कळलं, आणि एका आईने माझा हात धरून विचारलं, “आता हिचं लगीन कसं होईल बाई?” ती मुलगी नुसती वाहक होती, आजारी नव्हती. नवरा वाहक किंवा आजारी नसला तर मुलांना हा आजार होत नाही, हे मी त्या आईला चार वेळा, चार वेगवेगळ्या दिवशी सांगितलं. त्यानंतर निकाल एकेकीला माझ्या खोलीत बोलावून, शक्य तिथे आईसमोर, सांगायचा असं ठरवलं.

कचारगडहून कण्हत आलेली मुलगी दहावीला बसली, तेव्हा सिकलसेलच्या विद्यार्थ्यांना मिळणारा जादा वेळ तिला मिळावा म्हणून मी वेळेत अर्ज केला. पहिल्या पेपरच्या सकाळी तिचे वडील रोजी सोडून आले होते. हातात भरलेली पाण्याची बाटली होती. ती बाकावर ठेवू देतील ना, एवढंच त्यांनी मला विचारलं.