घरच्या संगणकातलं स्पायवेअर : वरवर नको, मुळासकट काढा



परीक्षेच्या दिवसांतली गोष्ट. माझ्या मुलीला शिष्यवृत्तीच्या जुन्या प्रश्नपत्रिका हव्या होत्या. तिने घरच्या संगणकावर शोधल्या, एका पानावर 'डाउनलोड' असं मोठं हिरवं बटण दिसलं, तिने ते दाबलं. प्रश्नपत्रिका काही उघडली नाही. पण त्यानंतर ब्राउझरचं पहिलं पान आपोआप बदललं, न मागता जाहिराती उघडू लागल्या आणि संगणकाचा पंखा सतत घरघरू लागला. मी तो नवा प्रोग्रॅम शोधून काढून टाकला. संगणक बंद करून चालू केला, तर स्वारी पुन्हा हजर! असं तीन वेळा झालं.

आता त्या संगणकात काय काय होतं ते बघा. वर्गातल्या ३६ मुलांची नावं, जन्मतारखा, पालकांचे मोबाइल नंबर असलेली एक्सेल फाइल. शाळेच्या पोर्टलचे पासवर्ड. बँकेचा पासवर्डसुद्धा ब्राउझरमध्येच साठवलेला. म्हणजे प्रश्न फक्त 'संगणक हळू चालतो' एवढाच नव्हता. ३६ घरांनी विश्वासाने दिलेली माहिती धोक्यात होती. तुमच्याही घरचा संगणक असाच असणार, म्हणून हा पाठ.

स्पायवेअर म्हणजे काय?

आपल्या नकळत संगणकात शिरून आपल्यावर पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्पायवेअर. आपण कोणती पानं उघडतो, कोणती बटणं दाबतो, कोणते पासवर्ड साठवले आहेत, हे ते टिपतं आणि इंटरनेटवरून दुसरीकडे पाठवतं. काही प्रकार फक्त जाहिराती दाखवण्यासाठी माहिती गोळा करतात, काही थेट बँकेच्या खात्यावर टपलेले असतात. आपल्या संगणकात नेमका कोणता शिरलाय हे बाहेरून कळत नाही, म्हणून वाईटात वाईट धरूनच चालायचं.

काढलं तरी परत का येतं?

शेतकऱ्याला हरळी माहीत असते. वरून कितीही उपटा, जमिनीत मुळीचा एक तुकडा राहिला की पुन्हा फुटते. स्पायवेअरचं तसंच आहे. आपल्याला दिसणारा प्रोग्रॅम हा फक्त वरचा पाला. मुळ्या वेगळ्याच जागी असतात:

१. स्टार्टअप यादी : संगणक सुरू झाला की आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमची यादी.
२. टास्क शेड्युलर : ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करणारी विंडोजची सोय. 'दर तासाला ही फाइल आहे का बघ, नसेल तर पुन्हा उतरवून घे' अशी नोंद इथे लपवता येते.
३. ब्राउझरचं एक्स्टेन्शन : आपण उघडतो ते प्रत्येक पान वाचण्याची परवानगी याला मिळालेली असू शकते.
४. एकमेकांचे राखणदार : दोन प्रोग्रॅम एकत्र चालतात. एक बंद केला की दुसरा त्याला लगेच उठवतो.

हा खेळ नवा नाही. २००३ मध्ये 'कूलवेबसर्च' नावाच्या उपद्रवाने इंटरनेट एक्सप्लोरर वापरणाऱ्यांना असंच हैराण केलं होतं. नेदरलँड्समधल्या मेरिन बेलेकॉम या विद्यार्थ्याने तो काढण्यासाठी खास साधन तयार केलं, तर त्याच्या नवनव्या आवृत्त्या येत राहिल्या आणि साधनही पुन्हा पुन्हा सुधारावं लागलं. तेव्हा आपल्या हातून पहिल्या फटक्यात निघालं नाही, तर त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

चला, आता क्रमाने काढूया

खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत. क्रम बदलू नका.

पायरी १ : इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा किंवा केबल काढा. माहिती बाहेर जाणं थांबेल. या संगणकावर आता बँक नको, पोर्टल नको, मेलही नको.

पायरी २ : महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. बरेच जण हे सगळ्यात शेवटी करतात, आणि तेही त्याच संगणकावरून! म्हणजे नवं कुलूप आणून किल्ली चोराच्याच हातात देणं झालं. मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून बदला. आधी ईमेलचा, कारण बाकी बहुतेक पासवर्ड ईमेलवरूनच पुन्हा मिळवता येतात. मग बँक, मग पोर्टल. ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी आणि जुन्या सगळ्या उपकरणांवरून 'साइन आउट' करा. ब्राउझरमध्ये साठलेलं चालू लॉगिन चोरलं गेलं असेल, तर पासवर्ड माहीत नसतानाही चोर आत राहू शकतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लगेच सुरू करा. खात्यातून पैसे गेलेले दिसले, तर पुढच्या पायऱ्यांसाठी थांबू नका. बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

पायरी ३ : कामाच्या फाइलींची प्रत घ्या. वर्ड, एक्सेल, फोटो, पीडीएफ एवढंच पेन ड्राइव्हवर घ्या. 'डाउनलोड्स' फोल्डर अख्खा उचलू नका, मूळ दुखणं बहुधा तिथेच पडलेलं असतं. हा पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय शाळेच्या संगणकाला लावायचा नाही.

पायरी ४ : दिसणारा पाला काढा. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स इथे जा (विंडोज १० मध्ये 'ॲप्स अँड फीचर्स'). यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास आलेलं, आपण न टाकलेलं जे असेल ते अनइन्स्टॉल करा.

मग ब्राउझर. अनोळखी एक्स्टेन्शन काढून टाका. 'रिमूव्ह'चं बटणच नसेल किंवा मेनूत 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं दिसत असेल, तर सावध व्हा. शाळेच्या किंवा ऑफिसच्या खात्यामुळे, काही अँटिव्हायरसमुळेही हे दिसतं. पण तसं काही नसताना घरच्या संगणकावर ते दिसलं, तर कोणीतरी ब्राउझरचा ताबा घेतलाय असं समजा. नंतर सेटिंगमधून ब्राउझर 'रीसेट' करा. नोटिफिकेशनची परवानगी कोणकोणत्या साइटला दिली आहे तेही पाहा. कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस' असं सारखं येत असेल, तर पुष्कळदा ती एखाद्या साइटची नोटिफिकेशन असते. परवानगी काढली की थांबते.

पायरी ५ : मुळ्या शोधा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअपची यादी पाहा. विचित्र नाव दिसलं की त्यावर उजवं क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' करा. फाइल 'टेम्प' फोल्डरमध्ये असेल आणि नावात नुसतीच अक्षरं-आकडे असतील तर संशय घ्या आणि 'डिसेबल' करा. 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये मात्र काही चांगले प्रोग्रॅमही राहतात, म्हणून केवळ जागा पाहून शिक्षा देऊ नका.

नंतर सर्चमध्ये 'टास्क शेड्युलर' लिहा आणि त्याची लायब्ररी उघडा. माझ्या संगणकातलं मूळ इथेच सापडलं. अपडेटसारखं साधं नाव, पण चालवत होती टेम्प फोल्डरमधली फाइल! अशी नोंद आधी 'डिसेबल' करा, लगेच 'डिलीट' नको. चूक झाली तर परत सुरू करता येते. 'मायक्रोसॉफ्ट' नावाच्या फोल्डरला हात लावू नका आणि नीट माहिती नसेल तर रजिस्ट्रीलाही नको.

पायरी ६ : ऑफलाइन स्कॅन करा. आता थोडा वेळ इंटरनेट जोडून विंडोज सिक्युरिटी अपडेट करून घ्या. मग व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, आणि त्यात 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. संगणक बंद होऊन वेगळ्या पद्धतीने सुरू होतो आणि साधारण १५ मिनिटं तपासणी चालते. याचा फायदा काय? विंडोज सुरूच नसते, त्यामुळे स्पायवेअरही जागं नसतं आणि राखणदार एकमेकांना उठवू शकत नाहीत. त्यानंतर 'फुल स्कॅन' करा, त्याला काही तासही लागू शकतात. दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सच्या मोफत आवृत्तीने तपासा. आपल्या देशाचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून आहे, त्याच्या संकेतस्थळावरही मोफत साधनं मिळतात. पण 'फ्री स्पायवेअर रिमूव्हर' असं शोधून पहिल्याच जाहिरातीवर क्लिक करू नका. औषध म्हणून विषच घरात यायचं!

पायरी ७ : थांबा आणि पाहा. संगणक दोन-तीनदा बंद-चालू करा. पुढचे तीन-चार दिवस पायरी ४ आणि ५ मधल्या याद्या पुन्हा तपासा. तीच नोंद परत आली, तर मूळ अजून आत आहे.

पायरी ८ : तरीही परत आलं तर? मग झटापट थांबवा आणि विंडोज नव्याने टाका. सेटिंग्जमध्ये 'रिकव्हरी', त्यात 'रीसेट धिस पीसी', आणि 'रिमूव्ह एव्हरीथिंग'. 'क्लाउड डाउनलोड' निवडलं तर ४ जीबीहून जास्त डेटा लागतो, हे लक्षात ठेवा. त्याआधी प्रत घेतलेल्या फाइली उघडतात का ते दुसरीकडे तपासून घ्या. नंतर ब्राउझरमध्ये लॉगिन केल्यावर जुनं एक्स्टेन्शन सिंकमधून परत येऊ शकतं, तिकडे लक्ष ठेवा.

मी शेवटी हेच केलं. टास्क शेड्युलरमधली नोंद बंद केल्यावर त्रास थांबला होता, स्कॅनही स्वच्छ आला होता. पण मुलांची माहिती ज्या संगणकात ठेवायची, त्याच्याबद्दल मनात शंका नको वाटली. एक रविवार गेला, पण निर्धास्त झालो.

पुन्हा येऊ नये म्हणून

- मुलांसाठी वेगळं 'स्टँडर्ड' खातं तयार करा. नवीन प्रोग्रॅम टाकताना बहुतेक वेळा मोठ्यांचा पासवर्ड मागितला जाईल.
- फुकटात मिळालेलं 'क्रॅक' सॉफ्टवेअर टाकू नका. हे आपल्या शिक्षकांनाही लागू आहे बरं का!
- विंडोज अपडेट ठेवा. विंडोज १० चे नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहेत.
- वर्गातल्या मुलांची माहिती काम झालं की घरच्या संगणकातून काढून टाका. जे घरात नाही ते चोरीला जात नाही.

वर्गात करून पाहा

फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून फाइल नेम एक्स्टेन्शन्स दिसतील असं करा. मग फळ्यावर तीन नावं लिहा: 'प्रश्नपत्रिका.पीडीएफ', 'प्रश्नपत्रिका.पीडीएफ.ईएक्सई' आणि 'फोटो.जेपीजी'. यातला प्रोग्रॅम कोणता, असं मुलांना विचारा. नावाचा शेवटचा तुकडा पाहायचा, हे पाचवी-सहावीची मुलंही पटकन शिकतात. विंडोज हा शेवटचा तुकडा एरवी लपवून ठेवते आणि फसगत तिथेच होते.

आता शेवटचं, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. सगळं आवरल्यावर मुलीने हळूच सांगितलं, "बाबा, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही रागवाल म्हणून मी त्या खिडक्या बंद करत बसले." मला कळलं त्याच्या चार दिवस आधी. चार दिवस ते सॉफ्टवेअर आत बसून होतं ते माझ्या रागाच्या भीतीने.

तेव्हा आज घरी आणि उद्या वर्गात मुलांना एवढं नक्की सांगा : चुकीचं बटण कोणाकडूनही दाबलं जातं, माझ्याकडूनही. दाबलं गेलं तर लगेच येऊन सांग, मी रागावणार नाही. आणि ती सांगायला आली, की खरंच रागावू नका.